डिझेल गाडीत सिंथेटिकच टाका, पंधरा-चाळीसचा हट्ट सोडा

खंबाटकी_पार

माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, तेच फियाटचं १.३ इंजिन, १ लाख ४२ हजार किमी झालेत. दर शनिवारी पुणे-सातारा-पुणे, बाकी आठवडाभर ऑफिस. गेल्या महिन्यात ऑइल बदलायला गेलो तर मिस्त्री म्हणाले, साहेब एवढ्या रनिंगला सिंथेटिकचे पैसे कशाला घालवता, साधं मिनरल पंधरा-चाळीस (१५डब्ल्यू-४० ग्रेडचं) टाकू, जाड असतं, जुन्या इंजिनला बरं. हेच सासरे सांगतात, हेच शेजारी सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

आपल्या डिझेलमधला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जोरात असला की मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि त्याच्या शाफ्टला आधार कसला, तर ऑइलच्या पातळ थराचा. मी खंबाटकी चढून वेळे-सुरूरला चहाला थांबतो. तिथं लगेच चावी फिरवली की टर्बो लालबुंद तापलेला, पंप बंद, जे ऑइल आत अडकलं ते तिथंच भाजून त्याचा कोळसा होतो. मी मिनिटभर आयडलला ठेवतो, पण दरवेळी लक्षात राहतंच असं नाही, आणि अशा उष्णतेत मिनरल ऑइल आधी हात टेकतं. शिवाय या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास बसतं, टायमिंगला बेल्ट नाही चेन आहे आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. एवढ्याशा ऑइलवर एवढं सगळं अवलंबून असताना हजार-बाराशे रुपये वाचवायचे कशाला?

मिस्त्रीचा_पोरगा_मिरज

दादा, असहमत. वडिलांचं गॅरेज आहे, मी लहानपणापासून चेंबरखाली (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) झोपून मोठा झालोय, त्यामुळं राग मानू नका.

डिझेलचं ऑइल नुसत्या उष्णतेनं मरत नाही, काजळीनं मरतं. नवीन ऑइल टाकून गाडी गावात एक चक्कर मारून आणा आणि ऑइल बघायची पट्टी काढा, काळी दिसणारच, कारण डिझेल जळलं की काजळी होते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. ही काजळी मिनरलमध्ये होते तेवढीच सिंथेटिकमध्ये पण होते. ती बाहेर काढायचा एकच उपाय, नट खोला आणि ऑइल सोडा. मिनरल दर ५,००० ला बदललं तर १० हजारात दोनदा घाण बाहेर गेली, आणि खर्च एका सिंथेटिकएवढाच.

आणि लोक काय करतात सांगू का, महागाचं टाकलंय ना, मग चालू दे. दिवाळीच्या आधी एक गाडी आली, चांगल्यातलं फुल सिंथेटिक होतं, १८ हजार चालवलेलं. नट काढला तर धार लागली नाही, आधी थेंब, मग डांबरासारखं लोंबत आलं. चेंबर उतरवला तर पंपाची जाळी अर्धी बुजलेली. मालक म्हणतो, पण मी तर भारीतलं टाकलं होतं. त्यापेक्षा ५,००० ला साधं ऑइल बदलणारा रिक्षावाला इंजिनाची जास्त काळजी घेतो.

अकोलेकर_७७

+१ पोराला. आणि पुण्या-साताऱ्याचं सोडा, आमच्याकडं मे महिन्यात ४५ अंश असतं, पाच-तीस (५डब्ल्यू-३०) म्हणजे पाणीच की. ते थंड देशातल्या लोकांसाठी आहे.

खंबाटकी_पार

@अकोलेकर, भाऊ इथं थोडी गल्लत होतेय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचाच आहे हे बरोबर. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशाला इंजिन फिरवायची चाचणी, १५डब्ल्यू म्हणजे उणे २० ला. ती वेळ अकोल्यात काय महाबळेश्वरात पण यायची नाही. पण गाडी तापल्यावर ऑइल १०० अंशाच्या आसपासच असतं, बाहेर २० असो की ४५, थर्मोस्टॅट आणि कूलंट त्याच कामाला आहेत. तापल्यावरचा आकडा दुसरा, ३० की ४०. १०० अंशाला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स, ४० ची १२.५ ते १६.३. फरक आहे, पण पाणी आणि मध एवढा नाही.

आणि सकाळी २५ अंशाला गाडी चालू करता तेव्हा पंधरा-चाळीस हे तापल्यावर असतं त्याच्या दहापटीहून जास्त घट्ट असतं. ते वर टर्बोपर्यंत आणि कॅमपर्यंत चढेस्तोवर जी घासाघीस होते ती टाळायला पातळ ऑइल. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर तुमच्याकडं ५डब्ल्यू-४० टाका की, तेही बहुतेक सिंथेटिकच असतं. वाद मिटला.

डीपीएफग्रस्त_नाशिक

वाद कुठं मिटला, तुम्ही सगळे बीएस४ च्या, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातल्या गाड्यांवर बोलताय. माझी २०२१ ची डिझेल एसयूव्ही आहे, बीएस६, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. वॉरंटी संपली म्हणून बाहेरच्या एका गॅरेजला दिली, त्यांनी ट्रकला टाकतात ते ऑइल भरलं, म्हणाले डिझेल ते डिझेल. सात-आठ महिन्यांत डीपीएफचा दिवा सारखा लागायला लागला. माझं रनिंग पण गावातल्या गावात, सगळा दोष ऑइलला देत नाही, पण त्यानं भर घातली हे नक्की.

कारण समजून घ्या. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी ६०० अंशाच्या आसपास जाळून टाकता येते. ऑइलमधल्या अॅडिटिव्हची राख जळत नाही, ती आत कायमची बसते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२, सी३ असं लिहिलेलं. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. त्यांच्याच ए३/बी४ ग्रेडमध्ये १.६ पर्यंत असू शकते, आणि ए३/बी४ वाली पण उत्तम फुल सिंथेटिक असतात बरं का! म्हणजे खंबाटकीकाकांचं ऐकून कोणी दुकानात जाऊन 'सिंथेटिक द्या' म्हणाला तरी फसू शकतो.

आणखी एक, ही काजळी जाळताना इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी मध्येच बंद केली तर ते अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझी पट्टी वरच्या खुणेच्या अर्धा बोट वर गेली होती. ऑइल वाढलं तर आनंद मानू नका, लगेच बदला.

इसारकाठ

म्युनिकहून. नाशिककरांशी पूर्ण सहमत, 'सिंथेटिक' या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही. अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलचा यावरच वाद झाला आणि १९९९ मध्ये जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या एनएडी या संस्थेच्या निवाड्यात कच्च्या तेलापासूनच हायड्रोक्रॅक केलेल्या (हायड्रोजननं रेणू तोडून शुद्ध केलेल्या) ऑइललाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं ठरलं. इथं जर्मनीत तशा डब्यावर 'एचसी सिंथेसे' असं वेगळं लिहितात. वाईट असतं असं नाही, आज बाजारात बहुतेक तेच आहे. मी डब्याचं पुढचं चित्र बघतच नाही, मागचे बारीक अक्षरातले नंबर मॅन्युअलशी जुळवतो.

इथं काही गाड्यांना ३० हजार किमी किंवा २ वर्षांचा इंटर्व्हल देतात. ऑटोबानवर ठीक. आईबाबांची गाडी डोंबिवलीत फाटकावर उभी राहून धडधडत असते, तिला मी १० हजार पण जाऊ देत नाही.

मिस्त्रीचा_पोरगा_मिरज

इसारकाठ, हेच तर मी मघापासून सांगतोय, बदला वेळेवर. डीपीएफवाल्या गाड्यांचं मान्य, तिथं कमी राखेचं सोडून काही नाही. पण जुन्या गाडीचं अजून एक. इतकी वर्षं मिनरलवर चाललेली गाडी सिंथेटिकवर नेली की मागच्या सीलमधून गळती लागते. महिन्याला एक तरी अशी येते.

खंबाटकी_पार

ती गळती सिंथेटिकनं लावलेली नसते, सील आधीच कडक होऊन फाटलेलं असतं, मळीनं भोक बुजवलेलं असतं आणि नवीन ऑइल ती मळी धुऊन काढतं. माझी पहिल्यापासून सिंथेटिकवर आहे, थेंब नाही.

पण ५,००० वाला मुद्दा मला लागला, खोटं बोलत नाही. गेल्या दोन खेपा मी १२ हजारांच्या वर ताणल्यात, भारीतलं आहे म्हणूनच. ऑइल सोडणार नाही, पण आता ७,५०० ला बदलणार. मळीचं कसं बघायचं? चेंबर उतरवायची तयारी नाही माझी.

मिस्त्रीचा_पोरगा_मिरज

चेंबर नका उतरवू. तुमच्या १.३ चा फिल्टर कागदी असतो, डबीतला. तो काढला की फेकू देऊ नका, पाती उलगडा, रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि सकाळी उन्हात धरा. काळा असणारच. चमचम दिसली तर बेअरिंग नाहीतर कॅम खातंय, आणि बोटाला रवाळ लागला तर तुमचं १२ हजार अंगाशी आलंय. आणि हो, रिकामा डबा तिथं सोडू नका, खिळ्यानं भोक पाडून टाका, भंगारात गेलेले चांगले डबे परत भरून येतात.

खंबाटकी_पार

डब्याचं करतो आधीपासून. फिल्टर या शनिवारी साताऱ्याहून आलो की लगेच काढतो, १ लाख ४७ हजारांच्या पुढच्या बदलाची वाट नाही बघत. उन्हात धरलेला फोटो टाकतो.