मदत हवी आहे: 1976चा केनेडी हाफ डॉलर चांदीचा की साधा?

मामांनी न्यू जर्सीतून आणलेले केनेडी हाफ डॉलर (केनेडींचं चित्र असलेली अमेरिकेची अर्ध्या डॉलरची नाणी) विकायचेत. 1964चे सोपे: 90 टक्के चांदी, 12.5 ग्रॅम, कडा पांढरीशुभ्र. 1967चे 40 टक्क्यांचे, 11.5 ग्रॅम. ते चांदीच्या भावानेच जातील.

अडलंय एका नाण्यावर. 1776–1976 असं दुहेरी साल, त्याच्या वर बारीक ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. पण त्यावरून काही ठरत नाही. तिथे 40 टक्के चांदीचेही पाडले, तांबं-निकेलचेही. नाणं बंद प्लास्टिकच्या डबीत एकटंच आहे, कागदपत्रं नाहीत. कड झाकलेली, त्यामुळे तांब्याची रेघ आहे की नाही दिसत नाही, वजनही करता येत नाही. डबी फोडायची नाही, चकाकीला बोट लागलं की किंमत गेली. सराफाला दाखवलं, त्यानेही आधी डबी उघडायलाच सांगितलं!

डबी न उघडता चांदी आहे की नाही हे खात्रीने कसं ओळखायचं?