सध्या टर्नटेबलवर काय आहे? ठाणे–नवी मुंबईतल्या जॅझवेड्यांचा धागा

ठाण्यात आणि खाडीपलीकडे जॅझच्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्या) ऐकणारे बरेच आहेत, पण प्रत्येकजण आपापल्या घरात. म्हणून हा धागा. संग्रह केवढा, रेकॉर्ड कितीला पडली, पहिल्या छपाईची की नंतर पुन्हा काढलेली, हे इथे नको. सध्या कोणती लावताय आणि ऐकताना कान कुठे थांबतो, तेवढं लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. सगळ्यांना माहीत असलेली, तरी तीच. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमधला कोलंबियाचा स्टुडिओ, दोन दिवसांत ध्वनिमुद्रण पूर्ण.

घरात शास्त्रीय गाणं होतं, त्यामुळे जॅझमधल्या भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सुरुवातीला माझ्या अंगावर यायच्या. यातल्या 'सो व्हॉट'मध्ये मात्र सोळा बार (चार-चार मात्रांचे खंड) एकच सप्तक राहतं, साधारण आपल्या काफी थाटाचे स्वर. मग आख्खी पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकते, आठ बार तिथे राहते आणि पुन्हा खाली येते. आपल्याकडे षड्ज असा हलत नाही. तो हलतो ती जागा मी दर वेळी वाट बघत ऐकते.

आणखी एक. बाबांची जुनी प्रत आणि माझी नवी लागोपाठ लावली की जुनीची पहिली बाजू किंचित चढी वाजते. २ मार्चला स्टुडिओतलं टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की स्वर वर जातात. दुरुस्त आवृत्ती थेट नव्वदच्या दशकात आली. पेटीवर स्वर धरून बघितला, फरक लगेच कळतो. बाबांना अजून जुनीच आवडते, आणि मला त्यांचं पटतं. त्या चढ्या स्वरात ट्रम्पेटला जास्त धार आहे.

वाशी

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट', तीही १९५९ची. मी तबला शिकलोय, म्हणून माझं ऐकणं बोटांवर मोजत चालतं. पहिल्याच 'ब्लू रोंडो'त नऊ मात्रा आहेत, पण तीन-तीनच्या नाहीत. दोन, दोन, दोन, तीन. ही लय ब्रुबेकनी तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली. १९५८च्या त्याच दौऱ्यात ते मुंबईतही आले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर वाजवायला बसले होते. आपल्या गावाचा थोडा वाटा या रेकॉर्डमध्ये आहे, असं मी मानतो.

याच रेकॉर्डवरचं 'टेक फाइव्ह' त्यांच्या सॅक्सोफोनवादकाचं, पॉल डेसमंडचं. त्यात पाच मात्रा तीन-दोन अशा पडतात. झपतालात आपण दोन-तीन म्हणतो, इथे ते उलटं. माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर जो मोरेलोचं ड्रम सोलो बोटांनी वाजवते आणि बरोबर समेवर येते.

ऐरोली

सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीची 'समथिन एल्स'. पहिली बाजू. रोज. बाकी काही लिहिता येत नाही.

खारघर

'एला अँड लुई', १९५६. गाणारे एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. मागे ऑस्कर पीटरसनचं पियानो, रे ब्राउनचा बेस, हर्ब एलिसची गिटार, ड्रम्सवर बडी रिच. चौघंही असे बेताने वाजवतात की गाणाऱ्यांचा श्वास ऐकू येतो.

ही रेकॉर्ड माझ्याकडे नीट वाजायलाच बराच काळ गेला. भावाने अमेरिकेतून जुनं बेल्टचं टर्नटेबल आणलं. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला, तरी एलाचा आवाज पुरुषासारखा येई. त्या मशीनच्या मोटरचा वेग विजेच्या सायकलवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर (हर्ट्झ) ठरतो. तिकडे ६० सायकल, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. म्हणजे ३३⅓च्या जागी तबकडी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेत होती, आणि गाणं तीन अर्धस्वर खाली. उपाय साधा निघाला: मोटरची पुली एक पंचमांशाने मोठी हवी. तुर्भ्याच्या एका लेथवाल्याने पितळेची करून दिली. त्याने ती बसवायला घरी येऊन आख्खी बाजू ऐकली आणि 'हा घोगरा माणूस कोण?' म्हणून विचारलं. मी लुई आर्मस्ट्राँगबद्दल त्याला तासभर सांगितलं. कोणी तिकडून मशीन आणणार असाल तर आधी मोटरची पाटी वाचा.

घोडबंदर रोड

पियानोवादक बिल एव्हान्स, 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. रस्त्यावरचे ट्रेलर कमी झाल्यावरच लावते, कारण यात ग्लासांची किणकिण आणि टेबलांवरची कुजबुज मुद्रित झालीय आणि मला तीही हवी असते. बेसवर स्कॉट लफारो. तो मागून साथ करत नाही, पियानोशी बोलतो, मधेच त्याचं वाक्य पुरं करतो. या कार्यक्रमानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. वय २५. हे कळल्यापासून मी स्पीकरच्या ज्या बाजूने बेस येतो तिथेच बसते.

नेरुळ

ॲलिस कोल्ट्रेन, 'जर्नी इन सच्चिदानंद', १९७१. तानपुरा, त्यावर ॲलिसची हार्प (उभ्या तारांचं मोठं वाद्य), आणि फरोआ सँडर्सचा सॅक्सोफोन. तानपुरा नुसता रंगापुरता ठेवलेला नाही, सगळं त्याच्यावर उभं आहे.

खाडीकाठच्यांना एक कळकळीचं सांगणं. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी रेकॉर्डच्या खाचेत आधी जाते आणि नुसत्या ब्रशने निघत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, मग पुन्हा नुसतं पाणी. आतली जुनी कागदी पाकिटं टाकून द्या, ओल तीच धरतात. आणि एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा.

चरई, ठाणे

माझं वय ७६. १९७८मध्ये निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला तेव्हा मुंबईच्या रंगभवनात उघड्यावर बसून ऐकलंय. पण मी सध्या लावतो ती एलपी नाही. 'अलबेला'ची ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) जुनी तबकडी आहे, १९५१च्या सिनेमाची. संगीतकार सी. रामचंद्रांचे सहायक चिक चॉकलेट, मूळचे गोव्याचे, ट्रम्पेट वाजवायचे. सिनेमात ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भडके' नीट ऐका, ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं कशी मधे उसळी घेतात ते. हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा आपली सिनेमाची गाणी वाजवत होते, आणि आपण सगळे ते नकळत ऐकत वाढलो. इथे चालेल ना? सध्या सुई झिजलीय, त्यामुळे खरखर फार.

नौपाडा, ठाणे

काका, चालेल काय, हवीच होती! पण एलपीच्या सुईने ती लावू नका. ७८ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत जाते.

नेरुळ

आणि काका, धुताना स्पिरिट अजिबात नको, लाखेची तबकडी विरघळते. माझ्याकडे ७८ची एक जादा सुई पडून आहे. तुमचं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) कोणतं ते कळवा. बसत असेल तर शनिवारी ठाण्याला येतेच आहे, घेऊन येते.