यीस्टच्या रॅड९ या जनुकाबद्दल थोडंसं

"यीस्ट किरणांना संवेदनशील, म्हणजे डीएनए दुरुस्तीचं जनुक बिघडलंय" (संवेदनशील म्हणजे किरणांनी सहज मरणारं) असं म्हटलं जातं. हे विधान रॅड५२ या जनुकाला चपखल लागू पडतं. हे जनुक नसेल तर डीएनएचे दोन्ही धागे तुटलेलं गुणसूत्र नीट सांधलंच जात नाही. रॅड९ ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला तीच जास्त भावते. १९८८ मध्ये वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी दाखवलं की रॅड९ नसलेल्या पेशी क्ष-किरणांच्या माऱ्यानंतर विभाजन थांबवतच नाहीत. तुटक्या गुणसूत्रांनिशी विभागतात आणि मरतात. मग त्यांनी औषधाने विभाजन काही तास रोखून धरलं, तर बऱ्याच पेशी वाचल्या! दुरुस्तीची यंत्रणा शाबूत होती, तिला वेळच मिळत नव्हता. म्हणून नवा संवेदनशील म्युटंट (जनुक बिघडलेला यीस्टचा वाण) हाती आला की किरणांच्या माऱ्यानंतर आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं: मोठ्या कळीच्या (म्हणजे विभाजनाच्या बेतात असलेल्या) पेशी अडून राहिल्यात, की रॅड९ नसल्यासारख्या पुढे विभागत सुटल्यात?