कोल्हापूरच्या रस्त्यावर भेटलेली जुनी गाडी : तुमचा अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा होतो. ग्लासातला फेस अजून खाली बसला नव्हता, तेवढ्यात रंकाळ्याच्या बाजूनं एक फिकट निळी फियाट आली. म्हशी आडव्या गेल्या म्हणून थांबली ती नेमकी माझ्यासमोर. पुढं एकच लांब सीट, त्यावर रेक्झिनचं जुनं कव्हर, दोन जागी दाभणानं शिवलेलं. दाराची पुढची तिकोनी काच बाहेर वळवलेली, वारा थेट अंगावर यावा म्हणून. स्टेअरिंगखाली हँडगिअर, त्याची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"मामा, किती सालची?"

"अठ्ठ्याहत्तरची. वडलांनी घेतलेली. अजून रोज बाहेर काढतो की!"

म्हशी गेल्या, मामा गेले. मी मात्र ग्लास हातात धरून तसाच उभा.

लहानपणी या गाडीकडं कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. 1964 ला कुर्ल्यात फियाट 1100 डिलाइट निघाली, पुढं तीच प्रीमियर पद्मिनी झाली. आमच्या पेठेत डॉक्टर असो, वकील असो, गुळाचा अडत्या असो, दारात हीच, नाहीतर अँबेसेडर. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि बघता बघता चित्र पालटलं. आता महिना महिना एक फियाट दिसत नाही. म्हणून जी दिसते ती कुठं दिसली, कशी होती, कोण चालवत होतं, हे कुठंतरी लिहून ठेवावं असं मनापासून वाटतंय.

एकच विनंती. प्रदर्शनातली किंवा वरातीसाठी भाड्यानं आणलेली गाडी नको. कामाला निघालेली, बाजाराला आलेली, गल्लीत उभी असलेली सांगा. आणि मालकाचं नाव, गाडीचा नंबर लिहू नका, त्यांच्या दारात उगाच गर्दी नको.

नागाळा पार्कातून

कोल्हापुरात एक गाडी वर्षातनं एकदा खरंच कामाला निघते, तिला यादीत घ्यायलाच पाहिजे. दसऱ्याला छत्रपती घराणं न्यू पॅलेसवरनं मेबॅक या जुन्या जर्मन मोटारीतनं दसरा चौकात येतं. मी पहिल्यांदा बघितली ती बाबांच्या खांद्यावर बसून. इतका वेळ ढकलाढकली करणारी माणसं ते लांबलचक बॉनेट दिसलं की आपोआप मागं सरकतात, कुणी सांगावं लागत नाही. मग शमीपूजन, आणि सोनं लुटायला एकच झुंबड. लहानपणी मला वाटायचं की गाडीचंच नाव 'दसऱ्याची गाडी' आहे. कॉलेजात गेल्यावर वाचलं की ही मेबॅक कंपनी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवायची आणि तिच्या मूळच्या मोटारी 1921 पासून 1940 च्या आसपासपर्यंतच निघाल्या. म्हणजे गाड्या बनायच्या बंद होऊन ऐंशी वर्षं उलटली, आणि आपल्याकडं ती अजून सीमोल्लंघनाला येते.

उद्यमनगरातून

आमचं गॅरेज. वडील मिस्त्री, आता मी बघतो. माझी आठवण स्टँडर्ड हेराल्डची. त्या वेळच्या मद्रासमध्ये 1961 पासून बनायची. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिचं बॉनेट मडगार्डसकट आख्खं पुढं झुकतं. इंजिन, सस्पेन्शन, सगळं उघडं. वडील पुढच्या टायरवर बसून काम करायचे, स्टूल लागायचंच नाही.

एक गृहस्थ जयसिंगपूरहून हेराल्ड ओढून घेऊन आले. वॉटर पंपाच्या बॉडीला चीर गेलेली. पंप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वेल्डिंग धरेना. मुंबई, पुणे, सगळीकडं विचारून झालं होतं. वडलांनी जुना पंप पिशवीत घातला आणि मला घेऊन पॅटर्नवाल्याकडं गेले. पॅटर्नवाल्यांनी आधी साच्यासाठी नमुना म्हणून लाकडाचा पंप केला, सागवानाचा. मी हातात घेऊन बघितला तर जुन्यापेक्षा किंचित मोठा. चुकला असं वाटून मी बोललो. ते म्हणाले, "बाळ, बीड थंड होताना आकसतं. शंभराला एक धरायचं." मग वाळूत साचा, भट्टी, ओतकाम. तिसऱ्या दिवशी आमच्या हातात काळा खडबडीत पंप आला. लेथवर फेस मारली, बुश बसवला, पॅकिंग लावलं. ज्या गावात शेतावरची ऑइल इंजिनं ओतली गेली, तिथं एका पंपासाठी गाडी मोडीत जाऊ द्यायची नाही, हे वडलांचं म्हणणं. ती हेराल्ड पुढं कितीतरी वर्षं दर दसऱ्याला हार घालायला आमच्या दारात यायची. शेवटची बघितली ती शिरोली नाक्यावर, मागच्या सीटवर उसाची मोळी होती.

रस्त्यात जुनी गाडी दिसली की मी रंग बघत नाही, आवाज ऐकतो. टॅपेट वाजतायत का, धूर निळा आहे का. कुणीतरी अजून हात लावतंय की नाही ते लगेच कळतं.

कागलहून

आमच्याकडं वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी न्यायला, अँबेसेडर होती. पुढं चार, मागं पाच, शिवाय डिकीत भाजीची बुट्टी. ड्रायव्हर दाराला टेकून, निम्मा बाहेर. मे 2014 मध्ये अँबेसेडरचा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली, त्या दिवशी त्या ड्रायव्हरदादांची फार आठवण झाली.

राजारामपुरीतून

मी आता साठीची आहे. आमची फियाट मरून रंगाची होती. 1988 च्या मे महिन्यात कोकणातनं परत येताना करूळ घाटात ती अर्ध्या चढावर बंद पडली. गाडीत आई, आत्ती, आम्ही तीन भावंडं आणि फणस. आईला वाटलं, आता रात्र इथंच. बाबा शांत. त्यांनी बॉनेट उघडलं, आत्तीकडं ओलं फडकं मागितलं आणि पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाजवळच्या त्या छोट्या पंपावर, गुंडाळलं. म्हणाले, "उन्हानं आणि चढानं पेट्रोलची वाफ झालीय. पंप निवला की येईल." आम्ही दगडावर बसून फणसाचे गरे खाल्ले. फडक्यातनं वाफ निघत होती ती मला अजून दिसते. वीस मिनिटांनी बाबांनी सेल्फ मारला, दोनदा खोकली आणि लागली. गगनबावड्यात पोचलो तेव्हा धुकं होतं, आणि आत्ती सबंध वाट "माझ्या फडक्यानं गाडी आणली" म्हणून सांगत होती.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांमागं रंकाळ्यावर तांबड्या रंगाची एक फियाट उभी दिसली. मालकांना विचारून आत बसले. पेट्रोल, रेक्झिन आणि उन्हाचा तो वास तस्साच. त्या भल्या माणसानं काही विचारलं नाही, बाजूला जाऊन उभा राहिला.

शाहूपुरीतून

आमच्या मागच्या बोळात एक डुक्कर फियाट आहे, पन्नाशीच्या दशकातली. फुगीर नाक म्हणून ते नाव पडलं. पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मधल्या खांबावर. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी बोळात शिरलं तेव्हा माणसं बाहेर काढण्यातच सगळा वेळ गेला, गाडीचा विचार करायचा प्रश्नच नव्हता. पाणी उतरल्यावर बघितलं तर स्टेअरिंगपर्यंत गाळ.

मालकांचा मुलगा उतावीळपणानं सेल्फ मारायला निघाला. आजोबांनी त्याचा हात धरला. आधी प्लग काढायला लावले, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. मग चेंबरचं ऑइल सोडलं. चहासारखं आलं, पाणी आणि ऑइल एक झालेलं. तीनदा ऑइल बदललं, दरवेळी हातानं इंजिन फिरवून. आम्ही गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी गाळ काढायला जायचो. आमच्याही घरात चिखल होताच, तरी जायचो. गौरी-गणपतीनंतर तिनं पहिला आवाज केला, तेव्हा बोळातल्या बायका आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

ताराबाई पार्कातून

वरच्या सगळ्यांना वाचून दोन कामाच्या गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी 2021 च्या नियमानुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण 5,000. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण मग ती फक्त रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मामांसारखी रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहणं बरं.

दुसरं पेट्रोलचं. आपल्या उसापासून आणि धान्यापासून केलेलं इथेनॉल आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत असतं. जुने रबरी पाइप आणि पंपातला पडदा त्यानं फुगतो, चिरतो. इथेनॉल चालणारे पाइप मिळतात, ते एकदा बदलून घ्या. चिरलेल्या पाइपातनं गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं फार धोक्याचं आहे.

गंगावेशीतून, धागा काढणारा

करूळ घाटाचा अनुभव आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ओलं फडकं आमच्याही गाडीत असायचं, सीटखाली, तांब्यासोबत. हे मला माहीतच नव्हतं. आणि उद्यमनगरवाले, तो सागवानी पंप अजून आहे का? असेल तर बघायला यायचंय.

उद्यमनगरातून

आहे. फळीवर ठेवलाय, धूळ पुसतो. आणि तुमची ती निळी फियाट आज सकाळपासून आमच्याच दारात उभी आहे. हँडगिअरच्या दांडीचे बुश झिजलेत, दुसरा गिअर अडकतोय. मामांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "त्या दुधवाल्या पोराला सांग, शनिवारी संध्याकाळी न्यायला येतोय. त्याला बसवून रंकाळ्याला एक फेरी मारतो." बुश आजच लेथवर टाकतोय. पाचच्या आत या.