मुंबईच्या स्फोटांवरचे पिक्चर : आधी डब्यातला माणूस होता, मग नुसता कमांडो कसा उरला?

नौपाड्याची_स्लो_लोकल :

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तरच वाचा.

परवा रविवारी लेकाबरोबर 'मुंबई मेरी जान', २००६ च्या ट्रेन स्फोटांवरचा, परत बघितला. लेक १९ वर्षांचा, म्हणजे ११ जुलै २००६ ला तो पोटात होता. मी सातव्या महिन्यात, नेहमीप्रमाणे ठाण्याला उतरून घरी आले आणि टीव्ही लावला तर वेस्टर्नला अकरा मिनिटांत सात स्फोट, फर्स्ट क्लासचे डबे फाटलेले. नवरा तेव्हा अंधेरीला कामाला. फोन कोणाचेच लागत नव्हते. तो रात्री एक वाजता आला, पवईपर्यंत चालत आणि पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला पण, कारण सगळेच गेले, आणि लगेच पेपरात ते 'स्पिरिट ऑफ मुंबई' सुरू झालं, ज्याचा मला आजही राग येतो. स्पिरिट कसलं, कर्जाचे हप्ते होते.

तर पिक्चर अर्धा झाल्यावर लेक म्हणतो, आई, पण यात होतं काय? स्फोट तर सुरुवातीलाच संपला.

मी त्याला दाखवत होते, अरे तो माधवन बघ, गाडी न घेता मुद्दाम लोकलने जाणारा माणूस, आता ट्रेनमध्ये चढूच शकत नाही. तो इरफान बघ, कॉफी विकणारा, मॉलमधे अपमान झाला म्हणून फोन करून खोट्या बॉम्बच्या अफवा पसरवतो, आणि लोक पळताना बघून त्याला बरं वाटतं. के के मेनन चहाच्या टपरीवर बसून एका मुसलमान पोराच्या मागे लागलेला. म्हणजे स्फोट झाल्यावर आपल्या आत जे जे घाण आणि चांगलं वर आलं ते सगळं आहे त्यात. लेकाला पटलं नाही असं नाही, पण त्याच्या डोक्यात हल्ल्यावरचा पिक्चर म्हणजे 'मेजर', 'हॉटेल मुंबई', गेला बाजार एखादी वेब सिरीज. वर्दी, बंदूक, काचा फुटतायत.

आता गंमत बघा, 'आमिर', 'मुंबई मेरी जान' आणि 'अ वेनस्डे' हे तिन्ही २००८ मध्येच आले, जून ते सप्टेंबर, आणि तिन्हीत मधोमध साधा माणूस आहे. नोव्हेंबरमध्ये २६/११ झालं आणि त्यानंतर हा साधा माणूस जणू प्लॅटफॉर्मवरच राहिला. नेमकं काय झालं तेव्हा? तुमचं काय मत?

अजून एक खटकतं. २६/११ ला १६६ माणसं गेली त्यातली ५८ सीएसटीला, कुठल्याही एका हॉटेलपेक्षा जास्त. पण पिक्चर म्हटलं की ताज. का?

----

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये :

माझं सरळ मत, टीव्हीमुळे.

२००६ ला स्फोट होताना कोणी बघितलाच नाही ना, कॅमेरे पोचले तेव्हा डबा फाटलेला, पाऊस चालू आणि लोक चादरीत गुंडाळून माणसं नेतायत. दाखवायला 'नंतर'च होतं. त्यामुळे ज्याला पिक्चर काढायचा त्याला नंतरचाच काढावा लागला, माणसाच्या डोक्यात शिरावं लागलं, दुसरा इलाजच नव्हता. २६/११ उलटं. साठ तास लाइव्ह. अख्ख्या देशाने घरी बसून ताजचा घुमट जळताना बघितला, एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरताना बघितले. पिक्चर आधीच शूट होऊन लोकांनी बघून झाला होता असं समजा, नंतर आलेल्यांनी तो नीट लाइट लावून परत काढला.

सीएसटीचं सगळं तासाभरात आटपलं, लाइव्ह काहीच नाही. उरलं ते सीसीटीव्ही आणि एका प्रेस फोटोग्राफरने काढलेला कसाबचा तो फोटो, पाठीवर सॅक, हातात एके ४७. म्हणजे स्टेशनवरून आठवतो तो मारणारा. मेलेल्यांपैकी एकाचा चेहरा तरी आठवतो का कोणाला? मला नाही आठवत आणि मी रोज तिथूनच बाहेर पडायचो तेव्हा.

तिथले अनाउन्सर विष्णू झेंडे, ते केबिनमधून बघत होते आणि माइकवरून लोकांना सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. किती जण वाचले असतील त्या आवाजाने. तो आवाज आपल्या रोजच्या ओळखीचा, 'दादर के रास्ते' वाला. यावर अख्खा पिक्चर निघाला असता, मी तरी पाहिला नाही.

----

वाशी_खाडीपूल :

आरजीव्हीच्या, म्हणजे रामगोपाल वर्माच्या, २६/११ वरच्या पिक्चरमध्ये सीएसटी आहे की, चांगलं मोठं आहे. २०१३ चा, नाना पाटेकर पोलीस अधिकारी राकेश मारियांच्या रोलमध्ये. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली आणि मार्चमध्ये पिक्चर थेटरात.

बाकी हल्ला संपल्या संपल्या ताजच्या राखेत मुख्यमंत्र्यांबरोबर फेरफटका मारायला कोण गेलं होतं ते लोक विसरलेले नाहीत. सोबत मुख्यमंत्र्यांचा मुलगाही होता. विलासरावांची खुर्ची गेली, पिक्चर मात्र झाला.

----

मल्हारची_बाल्कनी :

'अ वेनस्डे' बद्दल थोडं बोलायचंय, कारण मी तो पहिल्याच आठवड्यात ठाण्यात थेटरात बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मी एकटा नाही, सगळं थेटर. नसीरुद्दीन शहा बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसून पोलीस कमिशनरला सांगतो की या चौघा अतिरेक्यांना सोडा, आणि शेवटी कळतं की याला त्यांना सोडवायचं नाही, मारायचंय. कोर्ट नको, तारीख पे तारीख नको. माझ्या शेजारी एक आजोबा होते, धोतर-टोपीवाले, ते उभे राहून वाजवत होते. आणि तेव्हा वाटलं की वा, कोणीतरी आपल्या मनातलं बोललं.

तुम्ही म्हणताय ना साधा माणूस होता मधोमध, होता, पण कसा होता ते बघा. 'मुंबई मेरी जान'मधला घाबरलेला आहे आणि दोन आठवड्यांनी आलेल्या 'वेनस्डे'मधला बॉम्ब बनवतोय. मला वाटतं कमांडोची सुरुवात तिथेच झाली. आपल्याला कोणीतरी ठोकणारा पाहिजे होता, आधी तो भाजी घेऊन घरी जाणारा होता, मग त्याला वर्दी दिली.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ ला हायकोर्टाने ७/११ च्या, म्हणजे २००६ च्या ट्रेन स्फोटांच्या केसमधल्या बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये स्पेशल कोर्टाने फाशी सुनावली होती. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, त्या निकालाचा दाखला दुसऱ्या केसेसमध्ये देऊ नये म्हणून तिथे स्टेही मिळालाय, त्यामुळे खरं काय खोटं काय यावर मी बोलणारा कोण. पण ती बातमी मोबाइलवर वाचली तेव्हा पहिलं आठवलं ते ते थेटर. पिक्चरमध्ये चौघे खरेच दोषी असतात, तसं स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं असतं, म्हणून टाळी वाजवणं सोपं असतं. बाहेर एकोणीस वर्षं झाली आणि १८० च्या वर माणसं कोणी मारली याचं उत्तर अजून कोर्टातच आहे. त्या लोकांच्या घरच्यांनी काय करायचं?

त्यामानाने 'ब्लॅक फ्रायडे' प्रामाणिक होता. १२ मार्च ९३ च्या स्फोटांचा खटला चालू आहे म्हणून कोर्टाने अडवला, २००४ चा पिक्चर २००७ ला आला. आणि त्यात स्फोटांच्या आधीची दंगलही आहे, २५७ माणसं का मेली हे सांगताना डिसेंबर-जानेवारी गिळून टाकलेला नाही.

----

कोपरी_कॉलनी :

वरचं सगळं वाचलं. मला वाटतं मुळात लोक लवकर बोलतच नाहीत, पिक्चर लवकर आला की समजायचं वरवरचा आहे.

मी ठाणे पूर्वेचा, कोपरीत वाढलो, म्हणजे अर्धी कॉलनी सिंधी. पुढे उल्हासनगर तर कल्याणच्या मिलिटरी कॅम्पमधून उभं राहिलेलं अख्खं गाव. एवढी माणसं फाळणीतून इथे आली पण मी लहानपणी 'सिंध'बद्दल एक गोष्ट ऐकली असेल तर शपथ. पापड, साई भाजी, धंदा, लग्न यावर वाट्टेल तेवढं बोलतील. १९८८ ला दूरदर्शनवर फाळणीवरचा 'तमस' लागला, गोविंद निहलानींचा. आमच्याकडे टीव्ही होता म्हणून शेजारच्या आंटी यायच्या. एरवी यायच्या आणि ऐसपैस बसायच्या, आईबरोबर वाटाणे सोलायच्या. 'तमस'ला बसल्याच नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, एक पाय बाहेर. आई म्हणाली बसा ना, तर म्हणाल्या गॅसवर दूध आहे. दर एपिसोडला त्यांचं दूध गॅसवर होतं.

एकदाच बोलल्या, त्यातल्या एका घराकडे बघून, की आमचं दार निळं होतं. एवढंच.

'तमस' चाळीस वर्षांनी. 'गर्म हवा' सव्वीस वर्षांनी, आणि तोही दंगल भडकेल म्हणून सेन्सॉरमध्ये अडकला होता. त्याआधी फाळणीवर कोणी धड पिक्चर काढायची हिंमतच केली नाही.

----

सीवूड्सचे_काका :

कोपरीवाले, शेवटचं वाक्य चुकलंय. 'छलिया' १९६०, 'धर्मपुत्र' १९६१. 'छलिया'त राज कपूर-नूतन, फाळणीत मागे राहिलेल्या बाईला नवरा घरात घेत नाही, केवढा मोठा विषय. गाण्यांमध्ये झाकला गेला ते सोडा. आणि ऋत्विक घटक तिकडे बंगालात दुसरं काही बोलतच नव्हते. आंटींचं मात्र वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला.

लवकर आला की वरवरचा हेही पटत नाही. ६२ ला चीनकडून मार खाल्ला, ६४ ला 'हकीकत' आला. तो हरण्याचा पिक्चर आहे हो. लडाखमध्ये पोरं मागे हटतायत, मरतायत, शेवटी ते गाणं. मी बराच नंतर बघितला, वडील शेजारी, ते मान खाली घालून बसलेले. नंतर ६५ ची लढाई झाली आणि ६७ ला 'उपकार', छाती फुगलेली. ५ वर्षांत मूड फिरला, तेव्हा नौपाड्याच्या ताईंनी विचारलंय ते नवीन नाही.

सईद मिर्झांचा 'नसीम' पण बघा, १९९५. 'बॉम्बे'ही त्याच वर्षीचा, त्याचीच चर्चा झाली. 'नसीम'मध्ये दंगल दाखवलीच नाही. शाळकरी मुलगी आणि तिचे आजारी आजोबा, आजोबा म्हणजे कैफी आझमी, आणि ते जातात ६ डिसेंबर ९२ ला, बाबरी पाडली त्या दिवशी. बास.

आता एक अवांतर पण अगदीच अवांतर नाही. जपानी गॉडझिला, १९५४ चा मूळ, ब्लॅक अँड व्हाइट. आपण पोरांचा पिक्चर समजतो. हिरोशिमाला नऊ वर्षं झालेली, अमेरिकन ताबा ५२ ला संपला, तोपर्यंत अणुबॉम्बवर मोकळेपणाने बोलायला सेन्सॉर आडवा. त्यात मार्च ५४ ला बिकिनी बेटावरच्या अमेरिकन अणुचाचणीची राख त्यांच्या मासेमारी बोटीवर पडली, २३ खलाशी होते, एक सप्टेंबरात गेला. पिक्चर नोव्हेंबरात. सुरुवातच बोटीपासून होते. त्यात एक छोटा सीन आहे, लोकल ट्रेनचा. ऑफिसची गर्दी, एक बाई सहज बोलून जाते की नागासाकीतून वाचले आणि आता हे. आवाज चढत नाही, संगीत नाही. आपल्या ८.३२ मध्ये बायका बोलतात तसं, हल्ली दूध परत महागलं तसं. अमेरिकेत ५६ ला हा पिक्चर दाखवला तेव्हा अमेरिकन नट घुसवला आणि नेमकं हे बोलणं कापलं.

----

नौपाड्याची_स्लो_लोकल :

काका, तो ट्रेनचा सीन यूट्यूबवर शोधून बघितला. काल दिवसभर डोक्यात होता.

आणि घोडबंदरवाल्यांचं टीव्हीचं पटलं, कारण १३ मार्च २००३ कोणाला आठवतो? रात्रीची वेळ, लोकल मुलुंड स्टेशनात शिरत होती आणि लेडीज फर्स्टमध्ये स्फोट झाला. दहा-बारा माणसं गेली. मुलुंड म्हणजे आपल्या अलीकडचं स्टेशन, मी याच लाइनवर, याच वेळेला, सेकंड लेडीजमध्ये असायचे. पिक्चर सोडा, माझ्याच ग्रुपमधल्या दोघी म्हणाल्या की कधी गं झाला होता? पुढचे सहा-आठ महिने डब्यात कोणाची बेवारस पिशवी दिसली की आम्ही ओरडायचो, बॅग किस की है, आणि बहुतेक वेळा ती झोपलेल्या बाईची निघायची. मग बंद झालं.

मल्हारवाले, टाळ्या मी पण वाजवल्या होत्या. घरी डीव्हीडीवर.

लेकाला हा धागा वाचायला दिला. त्याने वाचून काही कमेंट केली नाही, पण जेवताना बापाला विचारलं की बाबा त्या रात्री टेम्पोत काय होतं. एकोणीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, माझ्यासाठी तो घरी आला एवढंच पुरेसं होतं. नवरा म्हणाला, फ्रीजचे रिकामे खोके. वर आम्ही अकरा जण. मुलुंड चेकनाक्याला सोडलं, पैसे घेतले नाहीत. एका माणसाच्या शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. कोणी काही विचारलं नाही त्याला.

मग? लेक म्हणाला.

मग काय, घरी आलो, वरणभात खाल्ला.

तर असं. 'नसीम' कुठे बघायला मिळेल कोणाला माहीत असेल तर प्लीज टाका, मला धड प्रिंट सापडत नाहीये.