फ्रॅक्चर असताना युरो खेळलेली लूसी ब्राँझ: कौतुक नेमकं कशाचं करायचं?

डावी बगल
२७ जुलै २०२५ ला बाझलमध्ये इंग्लंडने स्पेनला पेनल्टी शूटआऊटमध्ये ३-१ ने हरवलं आणि महिला युरो राखला. त्यानंतर इंग्लंडची राइट बॅक (उजव्या बगलेची बचावपटू) लूसी ब्राँझने सांगितलं की अख्खी स्पर्धा ती नडगीच्या हाडाला फ्रॅक्चर असताना खेळली. तेव्हापासून फुटबॉलच्या ग्रुपवर तिचं नाव निघालं की "याला म्हणतात जिगर" एवढंच ऐकू येतं. मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते आणि मला हे खटकतं.

ल्योंकडून तीन आणि बार्सिलोनाकडून दोन अशा पाच चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) तिच्या नावावर आहेत. २०१९ ला युएफाची (युरोपच्या फुटबॉल संघटनेची) आणि २०२० ला फिफाची सर्वोत्तम खेळाडू. हे दोन्ही मान मिळवणारी ती पहिली बचावपटू. गोल करणाऱ्यांनाच बक्षिसं मिळतात अशा खेळात एका राइट बॅकने हे मिळवलं, ते बगलेवरून पुढे जाण्याची वेळ अचूक ओळखून. स्वीडनविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी बघा. इंग्लंड ०-२ ने मागे, ७९ वं मिनिट, सहकारी क्लोई केलीचा क्रॉस येतो आणि दूरच्या खांबाशी हेडर मारायला उभी आहे ती राइट बॅक! मुलींना मी हे दाखवते. पण त्या मला विचारतात, "मॅडम, ती तुटलेल्या पायाने खेळली ना?" माझ्याकडे दुखणं लपवणाऱ्या मुली आधीच कमी नाहीत. त्यांना आणखी एक कारण मिळालं.

पेठकरी
ताई, अजिबात पटलं नाही. आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पट्ट्या बांधून उतरलेल्या पोरांना आम्ही डोक्यावर घेतो, तेव्हा कुणी असा धागा काढत नाही. बाईने तेच केलं की लगेच काळजी.

ही काळजी फार जुनी आहे. डिसेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं म्हणून त्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. आदल्याच वर्षी बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाच्या सामन्याला पन्नास हजारांवर माणसं आली होती! बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. त्याच इंग्लंडची तेहतीस वर्षांची बाई म्हणते, माझा पाय आहे, दुखतंय ते मला कळतंय आणि मी खेळणार. तो निर्णय तिचाच. त्याचा आदर करायचा सोडून आपण तिला मुलींसमोर वाईट उदाहरण का ठरवायचं?

फिजिओ, ठाणे
पेठकरी, निर्णय तिचा होता हे शंभर टक्के मान्य. पण तो कुठल्या परिस्थितीत घेतला तेही बघा. राष्ट्रीय संघासोबत डॉक्टर असतात, स्कॅन होतात, पायावर किती भार पडतोय यावर नजर असते. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेला कोण असतं? बर्फाची पिशवी मिळाली तरी नशीब.

वाढत्या वयातल्या मुलींबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी चुकायला लागली, तर हाडं कमजोर होतात. मग नडगीला बारीक चीर पडते. पहिल्या दिवसांत एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतही नाही. एका बोटाने दाबल्यावर ठरावीक जागीच जीव जाईल इतकं दुखत असेल, किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर ते स्नायूचं दुखणं म्हणून सोडू नका. तशीच पळत राहिली तर चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. अशा मुलीला "ब्राँझ बघ" म्हणणारा प्रशिक्षक मला धोकादायक वाटतो.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्येच राहते, म्हणून थोडी दुसरी बाजू. ब्राँझ बारा वर्षांची झाली तेव्हा नियमानुसार तिला मुलांच्या संघातून बाहेर पडावं लागलं. पुढे आमच्या लीड्समध्ये शिकत असताना ती पिझ्झाच्या दुकानात काम करायची. नंतर गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या पिढीतल्या मुलींना मैदान कुणी हातात आणून दिलं नाही. एवढं करून मिळालेली जागा ती दुखण्यापायी सोडणार नाही, हे मला अगदी आतून समजतं. स्वीडनच्या सामन्यात भर मैदानात बसून तिने स्वतःच्या हाताने मांडीला पट्टी गुंडाळली आणि मग शूटआऊटमध्ये जाऊन पेनल्टी अशी ठोकली की गोलकीपरला काही करता आलं नाही. ते बघताना मी रडले. माझ्यासाठी तीच ब्राँझ आहे, आणि हे मुलींपासून झाकून ठेवू नये.

डावी बगल
लीड्सकर, झाकायचं नाहीच. पण मग पूर्ण सांगू या. अंतिम सामन्यात जादा वेळेच्या मध्यंतराला तीच ब्राँझ बाहेर आली. शूटआऊट तिने बाहेरून पाहिला आणि इंग्लंड तरीही जिंकलं. ती बाहेर आल्याचा फोटो कुणीच का पाठवत नाही?

पेठकरी, पुरुषांच्या पट्ट्यांवर धागा निघत नाही ही तक्रार रास्त आहे. तोही निघायला हवा. पण तिला तेहतिसाव्या वर्षी जो हक्क आहे तो तेरा वर्षांच्या मुलीला नाही. तिच्या वतीने "खेळू शकते" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याला सामना जिंकायचा असतो.

पेठकरी
तेरा वर्षांच्या पोरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण मग दोष त्या प्रशिक्षकाचा, ब्राँझचा नव्हे. तिच्या कौतुकात मी काटछाट करणार नाही. दुखत असतानाही डोकं शांत ठेवून खेळणं हेसुद्धा कौशल्यच आहे, तुमच्या त्या हेडरएवढंच.

बॅकची आई
सगळं वाचलं. माझी लेक चौदा वर्षांची, सेंटर बॅक खेळते. तिच्या खोलीत ब्राँझचं पोस्टर आहे आणि ते तिथेच राहील. मला फक्त एवढं विचारायचंय: जिल्हा स्पर्धेत तिने "दुखतंय" म्हटलं तर तिला बाहेर काढायचं की नाही हे कोण ठरवणार? प्रशिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, "बघू तेव्हा." फिजिओ सर, शाळेला लेखी काय मागू? आम्ही चार-पाच पालक मिळून जाणार आहोत.

फिजिओ, ठाणे
ताई, दोनच गोष्टी मागा. मुलीने दुखतंय म्हटलं की त्या दिवशी ती परत मैदानात जाणार नाही. आणि हाडावर ठरावीक जागी दुखत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय सरावही नाही. प्रशिक्षक आणि मुख्याध्यापक, दोघांच्या सह्या घ्या. त्या स्पर्धेची तारीख लागायच्या आधी.