मदत हवी आहे: गाईची दगडी जाईना, ट्यूबा सोडून कंटाळलो

फलटणचा_गोठा
एचएफ (होल्स्टीन) गाय आहे. दगडी, म्हणजे कासेची सूज, काही केल्या हटत नाही. सडात औषधाची ट्यूब सोडली की चार दिवस दूध चांगलं, की परत गुठळ्या. डॉक्टर येतात, सुई मारतात, पैसे घेतात, जातात. परवा संकलन केंद्रावरून कॅन परत आला. कुणाकडं खात्रीचं औषध असेल तर फक्त नाव टाका. मेडिकलवाला ओळखीचा आहे. अर्जंट.

माणदेशी
कितवं वेत? कोणतं सड? दूध किती होतं, किती राहिलं? ताप, खाणंपिणं?

बारामती_डेअरी
आणि कोणती ट्यूब, किती दिवस सोडली तेही लिहा. नुसतं "दगडी" म्हटल्यावर काय सांगायचं?

फलटणचा_गोठा
तिसरं वेत. मागचं डावं सड. १८ लिटर द्यायची, आता ११ वर आलीय. खाते पिते, ताप नाही. ट्यूब पांढरी होती, डॉक्टरांनी दिलेली. आता सांगा औषध.

निवृत्त_पशुवैद्य
दादा, ट्यूबा सगळ्याच पांढऱ्या असतात. रिकामी ट्यूब गोठ्यात कुठंतरी पडली असेल, तिच्यावरचं नाव वाचा.

कोरफड_प्रेमी
केमिकलच्या नादी लागू नका. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून लालसर पेस्ट करा. कास धुऊन, सड पिळून रिकामं करून दिवसातून आठ-दहा वेळा लावा, पाच दिवस. सोबत लिंबू खायला द्या. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ, एनडीडीबीसुद्धा हेच सांगते. आमच्या दोन गाई यावरच बऱ्या झाल्या.

बारामती_डेअरी
दिवसातून दहा वेळा लेप लावायला माणूस कुठून आणायचा तेही सांगा.

कोरफड_प्रेमी
मोबाईल बघायला वेळ असतो, गाईला नसतो.

निवृत्त_पशुवैद्य
भांडू नका. लेप वाईट नाही. नुकती सूज आलीय, कास गरम आहे, तेव्हा उपचाराच्या जोडीला जरूर लावा. पण महिनोन् महिने येऊन-जाऊन राहणारी दगडी वेगळी. त्यात बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तो कासेच्या आत बारीक पुवाच्या पिशव्या करून बसतो, भोवती कडक पेशी वाढतात, तिथं औषध नीट पोचतच नाही. म्हणून चार दिवस दूध साफ आणि पाचव्या दिवशी गुठळी.
फलटणचे दादा, धार काढून झाल्यावर रिकामी कास दाबून बघा. त्या सडाच्या वर आत काही कडक लागतं का?

फलटणचा_गोठा
लागतं. आवळ्याएवढी गाठ आहे. आधी नव्हती. ट्यूबचं नाव सापडलं नाही, पोरांनी उकिरड्यावर टाकली. दोनदा सोडली की दूध साफ येतं, मग थांबवतो. साफ आल्यावर कशाला उगाच पैसे घालवायचे?

माणदेशी
घ्या! हे आत्ता सांगताय. डोस अर्धा सोडला की जंतू आणखी निबर होतो राव.

श्रीगोंदा_किंग
एवढा ताप कशाला. काष्टीच्या बाजारात घालवा. सकाळी सड नीट पिळून न्यायची, गिऱ्हाईकाला काय कळतंय.

गोठा_ताई
म्हणजे दुसऱ्याच्या दावणीला आग लावायची. तुमच्यासारख्यांमुळंच मी बाजारातून गाय घेणं सोडलं. गेल्या साली आणलेली एक अशीच निघाली, तिच्यामागं घरच्या दोघींना लागण झाली.

श्रीगोंदा_किंग
ताई, धंदा आहे, देवळ नाही.

गोठा_ताई
"देऊळ" लिहा आधी. आणि फलटणचे भाऊ, धार हाताने काढता की मशीनने?

फलटणचा_गोठा
मशीन. त्याचा इथं काय संबंध? मला औषध हवंय.

गोठा_ताई
सगळा संबंध तिथंच आहे. या गाईला मशीन पहिली लावता का? लावत असाल तर तोच कप पुढं सगळ्यांना जातो. हिला सगळ्यात शेवटी लावा. आणि लायनरच्या, म्हणजे कपातल्या रबरी नळीच्या, आत बोट घालून गोल फिरवा. रबर खरखरीत लागलं, चिरा लागल्या की समजा आत दूध मुरतंय. आम्ही २५०० धारांना बदलतो. दहा गाई दोन वेळा एकाच कपाने, हिशोब करा, चार महिनेच होतात.

बारामती_डेअरी
मशीनचा व्हॅक्यूम, म्हणजे दूध ओढायचा दाब, तोही बघा. ४० ते ५० केपीएच्या मधे हवा. लवकर दूध निघावं म्हणून वाढवून ठेवतात आणि सडाची टोकं बाहेर येतात.

नांदूर_मुरघास
मक्याचा मुरघास चालू करा, दूध नक्की वाढेल. आमच्याकडं ५० किलोच्या बॅगा तयार आहेत, पोच मिळेल.

माणदेशी
विचारलं कुणी?

फलटणचा_गोठा
लायनर बघितले. चिरा आहेत. आणि आज शेजारच्या जर्सीच्या दुधातही बारीक कण दिसले. आता तरी कुणी औषध सांगेल का?

निवृत्त_पशुवैद्य
आता नाव विचारून उपयोग नाही, कारण कुठलं औषध लागू पडेल हे दूध तपासल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करा, म्हणजे कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू ते कळेल. सध्या अँटिबायोटिक बंद असेल तर उत्तम, चालू असेल तर नमुना खोटा येतो. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने नीट पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, मग निर्जंतुक डबी आडवी धरून थोडं दूध घ्या. डबीवर गाय आणि सड लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ. नाहीतर पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे.
बाकीच्या गाईंचं सीएमटी, म्हणजे दगडी ओळखायची दुधाची चाचणी, करा. किट मिळेपर्यंत अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा, एका सडाचं दूध आणि तेवढंच हे पाणी वाटीत घेऊन हलवा. घट्ट, शेंबडासारखं झालं तर त्या सडात दगडी आहे, दूध वरून कितीही पांढरं दिसो.
आणि एक राहिलंच. गाय गाभण आहे का?

फलटणचा_गोठा
आहे. पुढच्या आठवड्यात सातवा संपेल.

निवृत्त_पशुवैद्य
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! साडेसहा-पावणेसात महिन्यांची गाभण गाय ११ लिटर देतेय, तर दूध उतरलं ते सगळं दगडीने नाही. आणि आता आटवायचीच आहे, हीच संधी. दुधात असताना ही दगडी फार कमी वेळा मुळासकट जाते. आटवताना भाकड काळाची ट्यूब सोडली तर जास्त शक्यता असते. ती ट्यूब वेगळी, कासेत बरेच दिवस टिकणारी. शेवटची धार पूर्ण काढून चारही सडांत एकेकदा, फक्त टोक आत जाईल एवढीच. अहवाल बघून कोणती ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आधी चार-पाच दिवस खुराक कमी करा, म्हणजे ११ लिटरवर एकदम थांबवताना कास ताणणार नाही.

माणदेशी
आमचे आजोबा कडुलिंबाची काडी तासून सडात घालायचे, सड मोकळं व्हायचं.

निवृत्त_पशुवैद्य
आणि मग ते सड कायमचं जायचं. काडी, सुई, नळी काहीही सडात घालू नका. आतलं अस्तर फाटलं की जंतूंना वाट मोकळी.

फलटणचा_गोठा
आणि एवढं करूनही व्यायल्यावर परत आली तर?

निवृत्त_पशुवैद्य
तर ते एक सड सोडून द्यायचं. तिथली धार बंद, मशीनच्या त्या कपाला बूच. तीन सडांची गाय चांगलं दूध देते. पण गाठ दुसऱ्या सडांतही यायला लागली तर बाकीच्या गोठ्यासाठी तिला वेगळं करावंच लागेल.

संकलन_केंद्रवाला
कॅन परत आला म्हणून आमच्यावर राग काढू नका. ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध कॅनमध्ये आलं की विरजण लागत नाही आणि अख्खा टँकर नाकारला जातो. ट्यूबवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस दूध बाजूला ठेवा. ते वासरालाही पाजू नका.

श्रीगोंदा_किंग
थोडं थोडं मिसळलं तर कळत नाही.

संकलन_केंद्रवाला
अँटिबायोटिक तपासायच्या पट्टीला कळतं. तुमचा कोड नंबर काय?

फलटणचा_गोठा
उद्या सकाळी शिरवळला चाललोय. डबी मेडिकलमधून लघवी तपासायची आणली, नवीन, बंद पाकिटातली. चालेल ना? लायनर पण सांगितलेत. जर्सीचा नमुना पण घेऊ का?

निवृत्त_पशुवैद्य
निर्जंतुक लिहिलेली असेल तर चालेल. जर्सीचाही घ्या, ज्या सडाची वाटी घट्ट झाली त्याचाच. प्रत्येक सडाला वेगळी डबी आणि मधे हात साबणाने धुवा.

नांदूर_मुरघास
दादा, शिरवळला जाताय तर येताना बॅगा घेऊन जाणार का? गाडी कोणती आहे?